दिवाळीचा किल्ला आणि मोजपट्टी

दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात आणि गावोगावी अशा किल्ल्यांची प्रदर्शने व स्पर्धाही भरतात. आपण शिक्षक तेथे परीक्षक म्हणून जातो, पालक म्हणून जातो. परंतु शिकविणारे म्हणून क्वचितच जातो. गेल्या दिवाळीत अलिबागेजवळच्या एका गावी मी परीक्षक म्हणूनच गेलो होतो. सोबत इयत्ता सहावीत शिकणारी माझी धाकटी मुलगी होती.

मंडपात दहा-बारा किल्ले मांडलेले होते. रायगड आणि खांदेरी या दोन किल्ल्यांचा २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यामुळे त्यांच्या प्रतिकृती अधिक असणे स्वाभाविक होते. कोणी अळीव पेरून हिरवळ केली होती, कोणी निळ्या रांगोळीचा समुद्र पसरला होता. एक किल्ला तर बाजारातून तयारच आणलेला दिसत होता. त्याविषयी अधिक लिहीत नाही. कुलाबा किल्ल्याच्या दोन प्रतिकृती होत्या, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्या दोनच आहेत.

पहिली प्रतिकृती भव्य होती. लांबी सव्वा मीटरहून अधिक, तट वीतभर उंच, त्यावर तोफा आणि कुंभाराकडून आणलेले रंगीत मावळे. दुसरी एका कोळी मुलाची. ती एका मोठ्या परातीत बसविलेली, जेमतेम दोन फुटांची. तट बोटाच्या दोन पेरांहूनही कमी उंचीचा, आणि तोही नुसते खडे एकावर एक रचून केलेला. मुलगा तांब्याने परातीत पाणी ओतून भरती दाखवी व फडक्याने टिपून ओहोटी करी. तटावर त्याने तांदळाच्या कण्या चिकटविल्या होत्या. मी गुणपत्रिकेवर शेरा लिहिला, "तट फारच बुटका." पहिले बक्षीस अर्थातच पहिल्या प्रतिकृतीस गेले.

निकाल लागल्यावर मुलगी मोजपट्टी घेऊन पुन्हा एकदा फिरून आली आणि म्हणाली, "बाबा, या किल्ल्यातला मावळा पाय उचलून तटापलीकडे गेला नाही एवढेच, पण तो खरा असता तर आपल्या शाळेहून उंच झाला असता." तिने हिशेब वहीत मांडला होता. तो येथे देतो, कारण सहावी-सातवीच्या वर्गात गुणोत्तर व प्रमाण शिकविताना तो जसाच्या तसा फळ्यावर लिहिता येईल.

खऱ्या कुलाबा किल्ल्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे २६७ मीटर, पूर्वपश्चिम रुंदी सुमारे १०९ मीटर आणि तटाची सरासरी उंची २५ फूट, म्हणजे सुमारे साडेसात मीटर आहे. पहिल्या प्रतिकृतीची लांबी भरली १ मीटर ३३ सेंटिमीटर. म्हणजे प्रमाण झाले १ ला २००. या प्रमाणात तट पावणेचार सेंटिमीटरांचा हवा. तो होता ३० सेंटिमीटरांचा; म्हणजे प्रत्यक्षात ६० मीटरांचा, खऱ्याच्या आठपट. मावळा ७ सेंटिमीटरांचा. त्याची खरी उंची १४ मीटर झाली. खऱ्या तटाशेजारी तो उभा राहिला असता तर तट त्याच्या कमरेच्या आसपास आला असता!

आता परातीतला किल्ला पाहा. लांबी ६६ सेंटिमीटर, म्हणजे प्रमाण जवळजवळ १ ला ४००. या प्रमाणात तट हवा १ सेंटिमीटर ९ मिलिमीटर. तो होता दोन सेंटिमीटर. माणूस हवा चार मिलिमीटरांचा, आणि तांदळाची कणी साधारण तेवढीच असते. मुलाने भागाकार केला नव्हता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला की, बापाच्या होडीतून पाहिले म्हणजे तटावरचे माणूस एवढेच दिसते. खडे मातीविना का रचले, याचेही त्याच्यापाशी उत्तर होते: खऱ्या तटाच्या दगडांमध्ये चुना भरलेला नाही, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. १६८० च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ज्याचे काम सुरू झाले आणि पुढे कान्होजी आंग्रे यांचे जे मुख्य ठाणे झाले, त्या किल्ल्याच्या बांधणीचे मर्म या मुलास ठाऊक होते. त्याच्या परीक्षकास ते सुचलेही नाही.

तट बुटका नव्हता, तो खरा होता. सागरी किल्ला दूरवर पसरलेला असतो आणि त्या मानाने ठेंगणा दिसतो. आपल्या डोळ्यांना मात्र चित्रांतील उंच बुरुजांची सवय झालेली असते. आमच्या गुणपत्रिकेत सजावट, स्वच्छता आणि माहिती अशी तीन कलमे होती. मापाचे कलमच नव्हते. निकाल बदलणे माझ्या हाती राहिले नव्हते. मी त्या मुलापाशी जाऊन माझा शेरा चुकीचा होता एवढे सांगितले. तो संकोचला आणि परातीतले पाणी टिपू लागला.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. उंची वाढवून दाखविणे हा प्रत्येक वेळी दोष नव्हे. डोंगराळ मुलखाचे उठावाचे नकाशे करताना उंचीचे प्रमाण जाणूनबुजून वाढवितात, नाहीतर लहानसहान टेकड्या दिसणारच नाहीत. तथापि तसे केल्याचे शेजारी लिहावयाचे असते. मुलांनीही पाटीवर दोन्ही प्रमाणे लिहावीत. मग त्यांचे गुण कापण्याचे कारण नाही.

प्रमाणाचा आणखी एक चमत्कार पेणच्या मूर्तिशाळांत दाखविता येतो. एकच मूर्ती तेथे लहानमोठ्या मापांत घडते, आणि चेहरा, सोंड, हात सारे एकाच प्रमाणात घटते. मुलांना विचारावे: शाडूची भरीव मूर्ती निम्म्या उंचीची केली तर माती किती लागेल? बहुतेक मुले "निम्मी" म्हणतील. उत्तर आहे एक अष्टमांश, कारण उंची, रुंदी व जाडी ही तिन्ही निम्मी होतात. ओल्या मातीचे घन करून हे वर्गातच पटविता येते. सांगून पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून प्रदर्शनास जाताना मुलाच्या हाती मोजपट्टी, दोरी व वही द्यावी आणि आपण शक्य तो गप्प राहावे. हे दुसरे मला जड जाते. आमच्या अंगणातील किल्ल्याचे बुरुज दरवर्षी मीच थापीत असे, हे त्या संध्याकाळी मुलीने ते पाडावयास घेतले तेव्हा ध्यानी आले. नवा तट तिने एकटीने घातला. तो एका बाजूस कलला आहे, पण मापात आहे.

शक्य असेल त्या शाळांनी मूळ किल्लाही मोजावा. तटाची उंची शिडीवाचून निघते. सपाट जागी एक मीटरची काठी उभी रोवून तिची सावली मोजावी आणि त्याच वेळी तटाच्या पायथ्यापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यावे. काठीची सावली अर्धा मीटर व तटाची पावणेचार मीटर भरली, तर तट साडेसात मीटरांचा. हे काम किल्ल्याच्या आत, सावली मोकळ्या जमिनीवर पडेल अशा ठिकाणी करावे. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी किल्ल्यात पायी जाता येते. मात्र त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ आदल्या दिवशी कोळीबांधवांना विचारून घ्यावी, आणि मोजणी अपुरी राहिली तरी पाणी चढू लागण्यापूर्वी सर्व मुलांना मोजून किनाऱ्यावर आणावे.