मंडईचा काटा आणि तान्ह्याचा श्वास

पुण्याच्या ज्या मंडईत आपल्या कितीतरी माता-भगिनी पहाटेपासून पाटी मांडून बसतात, त्या मंडईला महात्मा फुल्यांचे नाव आहे. याच पुण्यात फुले दांपत्याने 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढून नवजात जीवांना आसरा दिला. ते काम अजून संपलेले नाही. साधने मात्र बदलली आहेत.

अपुऱ्या दिवसांचे बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात. पायाला बांधलेली पट्टी प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातला प्राणवायू मोजते. छातीवरच्या तारा हृदयाचे ठोके टिपतात. यंत्र एका सेकंदात शेकडो नोंदी घेते. त्या सगळ्याच दूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे धाडल्या तर वाट तुंबते आणि धोक्याची हाक उशिरा पोहोचते. मंडईत काट्यावर तोलून आपण गिऱ्हाइकाला वजन आणि भाव एवढेच सांगतो. तसेच इथेही करावे लागते. एरवी थोडे नेमके आकडे पाठवायचे आणि ठोके मंदावले की संपूर्ण आलेख तत्काळ पाठवायचा. बाळाने नुसता पाय हलवला तरी घंटा वाजू लागली, तर खऱ्या घंटेकडेही दुर्लक्ष होते.

पण आकडा पोहोचवायला महागडे यंत्रच लागते असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ यांचे साधे साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना तान्ह्याची तपासणी, नोंद व उपचार शिकवले. तिथले नवजात मृत्यू हजारी 62 वरून सुमारे 25 वर आले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे जगापुढे मांडले. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

म्हणून भगिनींनो, आम्ही आग्रहाने सांगतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. ते 60 किंवा अधिक भरले, बाळाने दूध सोडले, अंग गार पडले, तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ दवडू नका. 108 ला फोन करून मोजलेला आकडा सांगा. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्याचे उपचार 2011 पासून मोफत आहेत. तो आपला हक्क आहे. बाळ पेटीत असेल तर "आज प्राणवायू किती, वजन किती?" हे सिस्टरांना रोज विचारा आणि वहीत लिहून ठेवा.