कातडीवरचे भाडेकरू

थंडीत पोराच्या कोपराच्या खोबणीत खाज सुटते, खाजवून चट्टे लाल होतात आणि घरातलं पहिलं निदान ठरलेलं: ‘नीट घासून आंघोळ करत नाही!’ बहुतेक वेळा उलटंच असतं.

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा रचलेला असतो. मृत पेशी या विटा. मधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. ही भिंत राखायला जिवाणूंचाही हात लागतो. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जवळपास प्रत्येकाच्या अंगावर राहणारा जिवाणू एक विकर सोडतो. त्याच्या मदतीने त्वचेत सिरॅमाइड तयार होतं. मुरुमांसाठी बदनाम झालेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस त्वचेतलं तेल फोडून मेदाम्लं मोकळी करतो, म्हणून पृष्ठभाग किंचित आम्ल, पीएच ५च्या आसपास, राहतो. बदनामी अगदीच खोटी नाही, पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते.

या आम्लतेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस या उपद्रवी जिवाणूचं फारसं फावत नाही. साध्या साबणाचा पीएच मात्र ९ ते १०. कढत पाणी, साबण आणि वजरी एकत्र आली की तेल जातं, आम्लता घटते, भिंतीला फटी पडतात. अशा खाजऱ्या, म्हणजे एक्झिमाच्या, चट्ट्यांवर बहुधा ऑरियसच ठाण मांडून असतो. त्याची विकरं प्रथिनं तोडून फटी रुंदावतात. अर्थात सगळं खापर जिवाणूंवर फोडू नये. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष अनेक रुग्णांत जन्मजातच असतो.

‘प्रोबायोटिक’ लिहिलेल्या महागड्या क्रीमपेक्षा कोमट पाण्याची आटोपशीर आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच लावलेलं साधं मॉइश्चरायझर बरं. चट्टे चिघळले, पू दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.