एकाच इमारतीची तीन कार्डं

बाहेर पाऊस धरलाय आणि शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांना पॉलिश चाललंय, त्यामुळे इथं सगळे ओरडूनच बोलतात. भाईंदर पूर्व, नवघर रोडवरून आत वळणारी गल्ली. गाळ्यात एक लांब बाकडं, भिंतीला प्लॅस्टिकचे छोटे खण आणि कोपऱ्यात भलामोठा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

दादा (त्यांना सगळे दादाच म्हणतात) मशीनला हात लावत नाहीत, फक्त तिचं कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, बघतात. घरोघरी फिरणारे मेकॅनिक वॉशिंग मशीनच्या पोटातून कार्ड काढतात आणि पिशवीत घालून इथं आणतात. मीरा रोड, काशीमिरा, उत्तन, कधी खाडीपलीकडच्या नायगावहूनसुद्धा. आत्ता असाच एक जण बाकड्यासमोर उभा आहे. रेनकोटमधून पाणी ठिबकतंय. त्याने चार कार्डं मांडलीत.

"तीन पूर्ण डेड, दादा. चौथ्याला लाइट येतात, पण पाणी घेत नाही. आयई दाखवतं. आज संध्याकाळपर्यंत द्या ना. बायका फोन करून करून डोकं खातायत, पावसात कपडे वाळत नाहीत."

दादा उत्तर देत नाहीत. पहिलं कार्ड उचलून नाकाशी नेतात, वास घेतात आणि हाताखालच्या पोराकडे देतात. "ब्लोअर लाव."

कार्ड पांढऱ्या तबकडीत बसवलेलं, वरून पारदर्शक जेल ओतलेलं. गरम हवा लागली की जेल मऊ पडतं, मग पोरगा आइसक्रीमच्या काडीने ते खरवडून काढतो. लोखंडी टोक चालत नाही, खालच्या तांब्याच्या रेषा तुटतात. चांगला अर्धा तास यातच जातो. दुरुस्तीवाले या जेलला शिव्या घालतात, कंपन्यांनी ते मुद्दाम ओतलंय म्हणतात. मला तसं सरसकट म्हणवत नाही. उत्तरेला खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. या हवेत उघडं तांबं हिरवं पडायला फार वेळ लागत नाही. जेल नसतं तर दादांकडे गिऱ्हाईक दुप्पट झालं असतं.

जेल निघतं आणि खाली निळी टिकली दिसते, एमओव्ही. मधोमध फुटलेली, भोवती काजळी. शेजारचा फ्यूज गेलेला. मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. दुसऱ्या कार्डावरचं जेल निघतं, तिथंही फुटकी टिकली, फुगलेला कपॅसिटर. तिसऱ्याच्या वेळी दादा फक्त तेवढाच कोपरा मोकळा करायला लावतात. तेच.

दादा चष्मा कपाळावर सरकवतात. "तिन्ही एकाच बिल्डिंगची का रे?"

"हो. ए विंग." मेकॅनिक चपापतो. "तुम्हाला कसं कळलं?"

"रात्री तिथं लाइटचं काही झालं होतं?"

तो आठवतो. एका बाईंनी सांगितलं होतं खरं, त्यांच्याकडे ट्यूब एकदम झगझगली आणि विझली. वरच्या मजल्यावर मात्र पंखा रेंगाळत होता म्हणे.

"न्यूट्रल," दादा म्हणतात आणि फोन शोधायला लागतात.

इमारतीत वीज तीन फेजमधून येते. घरं त्यांच्यावर वाटून दिलेली असतात आणि सगळ्यांची परतीची तार एकच, न्यूट्रल. ती घट्ट असेल तोवर प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळतात. ती सैल झाली, तुटली, की दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटेल तसे विभागले जातात. जिथं जास्त उपकरणं चालू, तिथं व्होल्टेज पडतं. जिथं कमी, तिथं चढतं. कुणाला १५०, तर कुणाला साडेतीनशे. साडेतीनशे व्होल्ट एसीचं शिखर ४९५ला पोचतं. कपॅसिटर सोसणार जेमतेम ४५०. टिकलीवर लिहिलंय १४डी४७१, म्हणजे साधारण ४७० व्होल्टच्या वर ती स्वतःतून वीज वाहू देते, फ्यूज उडवते आणि मागचा सगळा भाग विजेपासून तोडते. फुटलेल्या टिकलीने तिचं काम केलेलं असतं. नुसती टिकली आणि फ्यूज बदलून कार्ड परत दिलं, तर ते चालेल. पुढच्या वेळी न्यूट्रल हलेपर्यंत.

फोनवर सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. आवाज चढलेला आहे, पॉलिशच्या घरघरीतूनही कळतं. वॉशिंग मशीनवाल्याने मीटर रूममध्ये नाक का खुपसावं, असा सूर आहे. "साहेब, मी काही खुपसत नाही," दादा म्हणतात, "फक्त इलेक्ट्रिशियनला न्यूट्रलचा लग, तारेच्या टोकाचा जोड, बघायला सांगा. लायसनवाला बोलवा, वॉचमनला हात लावू देऊ नका."

मग काम सुरू. फ्यूज, टिकली, कपॅसिटर नवे. कार्ड थेट विजेला न जोडता आधी सिरीज बल्बमधून. बल्ब क्षणभर पेटून विझला तर बरं, पेटलेला राहिला तर आत अजून शॉर्ट. पहिलं कार्ड, बल्ब चमकतो आणि विझतो. मीटर कपॅसिटरवर ३२० दाखवतो, पुढे १२, पुढे ५. कार्ड टुंग करतं. पोरगा पाच व्होल्टच्या पायाकडे बोट नेतो आणि दादा जोरात ओरडतात, "हात!" अशा बऱ्याच कार्डांत हे पाच व्होल्ट मेनलाइनपासून वेगळे काढलेले नसतात. मीटर पाच दाखवतो, पण घरच्या जोडणीवर जमिनीच्या हिशेबाने तिथं पूर्ण फेज असू शकते. कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर त्यासाठीच आहे. त्याच्या भरवशावर हात घालायचा नाही, हा दादांचा नियम.

दुसरंही उठतं. तिसऱ्याचा बल्ब विझत नाही. दादा दोनशे पानी वही उघडतात. आत बॉलपेनने काढलेले सर्किटचे नकाशे, एकेका मॉडेलचे, रेषा मागून पुढून तपासत त्यांनी स्वतः उतरवलेले. केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, पण या बाकड्यावर अजून वहीच चालते. वहीत बोट फिरतं, आठ पायांच्या व्हायपर आयसीवर थांबतं. मीटर बीप करतो. आयसी शॉर्ट. ती बदलल्यावर बल्ब विझतो.

तेवढ्यात फोनवर सेक्रेटरींकडून फोटो येतो. न्यूट्रलचा लग हिरवट, कडेने करपून काळा. खाली नुसतं 'ओके' लिहिलंय.

"लग बदलला, व्होल्टेज मोजलं, असा फोन आला की ही तिन्ही ने," दादा कार्डं खणात ठेवतात.

"अहो दादा, मी त्यांना संध्याकाळ सांगितलीय!"

"मग त्यांना सेक्रेटरीकडे पाठव."

उरलं चौथं. सप्लाय ठीक. पाण्याच्या व्हॉल्व्हला वीज सोडणाऱ्या ट्रायकला दादा व्हॉल्व्हऐवजी छोटा बल्ब जोडतात, कार्डाला हुकूम देतात. बल्ब पेटतो. पुन्हा देतात, पुन्हा पेटतो.

"याला काही झालेलं नाही. व्हॉल्व्हची कॉइल मोजलीस?"

"मोजली. चार किलोओहम."

"म्हणजे कॉइल चांगली. नळी काढून जाळी बघितलीस?"

मेकॅनिक गप्प.

"टँकरचं पाणी येतं ना तिथं? जाळी गाळाने बसली असेल."

"दादा, पण मी त्या काकूंना कार्ड गेलं म्हणून सांगितलंय. चार हजार बोललोय."

"मग आता काय सांगशील?"

तो रेनकोटची बटणं लावत विचार करतो. "कार्ड साफ केलं म्हणतो. पाचशे घेतो."

"दोनशे घे," दादा कार्ड त्याच्या पिशवीत टाकतात, "आणि जाळी खरंच साफ कर."