रांग नेमकी कोणाची?

गिरगावातल्या आमच्या चाळीत पहाटे नळाला पाणी यायचे. रात्रीच कळशा रांगेत लावायच्या. माणूस झोपायला गेला तरी कळशी त्याची जागा राखायची. एखाद्या नव्या बिऱ्हाडाने मध्येच कळशी सरकवली की सारी चाळ उठे. पाणी सगळ्यांना पुरले तरी राग ओसरत नसे. स्थलांतरितांविषयीचे संशोधन वाचू लागलो, तेव्हा ती कळशी पुन्हा आठवली.

ऑस्ट्रेलियात होडीने येऊन आश्रय मागणाऱ्यांना 'रांग मोडणारे' म्हटले जाते. २००१ साली 'टॅम्पा' या नॉर्वेच्या जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या ४३३ जणांना त्या देशाने किनाऱ्यावर उतरू दिले नाही. रांगेचा आरोप ऐकायला न्याय्य वाटतो. पण निर्वासितांची अशी रांगच नसते. संयुक्त राष्ट्रांची संस्था पुनर्वसनासाठी नावे सुचवते ती गरज पाहून, आधी कोण आले हे पाहून नव्हे. शिवाय वर्षभरात जगातल्या एक टक्का निर्वासितांनाही अशी जागा मिळत नाही.

युरोपात प्रश्न वाटणीचा होता. डब्लिन नियमानुसार आश्रयाचा अर्ज बहुधा पहिले पाऊल जिथे पडले त्या देशाने तपासायचा. त्यामुळे २०१५ साली मोठा भार ग्रीस आणि इटलीवर आला. बान्साक, हाइनम्युलर आणि हांगार्टनर या संशोधकांनी १५ देशांतल्या १८,००० नागरिकांना विचारले. मोठ्या बहुमताने कौल मिळाला तो प्रत्येक देशाच्या कुवतीप्रमाणे वाटणी करण्याला. 'यामुळे तुमच्या देशात जास्त माणसे येतील' असे सांगितल्यावर पाठिंबा घटला, तरी बहुमत टिकले. म्हणजे न्यायाची चाड निव्वळ स्वार्थाचा मुखवटा नव्हे.

पण याच तिघांच्या २०१६ च्या अभ्यासाने मला अस्वस्थ केले. काल्पनिक अर्जदारांमधून निवड करताना लोकांनी कामाचे कौशल्य, सोसलेला छळ, जबानीतली सुसंगती यांना वजन दिले. मात्र बाकी सारे सारखे असूनही अर्जदार मुस्लिम असला की पसंती घसरली. तराजू खरा होता, पण एका पारड्याखाली कुणाचे तरी बोट होते.

भूमिपुत्रांच्या न्यायाची भाषा मुंबईने साठच्या दशकापासून ऐकली आहे. तरुणपणी मीही ती हिरिरीने बोललो. माझे आजोबा कोकणातून गिरणीत कामाला आले, तेव्हा त्यांची कळशी कुणाच्या मागे लागली होती, हे मी तेव्हा घरात कधी विचारले नाही.