काटा माळ्यावर गेला, घर ताळ्यावर आलं

खरं सांगा मैत्रिणींनो, सकाळी उठल्यावर तुम्ही आधी देवाला हात जोडता की वजनकाट्यावर उभ्या राहता? हसू नका. मी दोन वर्षं काट्यावरच उभी राहत होते.

नायगावच्या बीडीडी चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात सासूबाई, हे, मी आणि दोन मुलं. कुणी किती तूप घेतलं, माझ्या नजरेतून सुटायचं नाही. पोळ्या मोजून, भात वाटीने, साखरेचा डबा माझ्या ताब्यात. अर्धा किलो वाढला की त्या दिवशी कुणाची धडगत नसे. उतरला, की संध्याकाळी बटाटेवडे!

एका सकाळी लेक शाळेच्या गणवेशात काट्यावर दिसली. तेरा वर्षांची पोर. बूट आधी काढून ठेवलेले. हे ती माझ्याकडूनच शिकली होती. आठवडाभर डबा मैत्रिणींना वाटून टाकत होती. माझ्या तर पोटात गोळाच आला. वाढीच्या वयात असा पोटाला चिमटा घेतला, तर अंगात रक्त राहत नाही, पाळी बिघडते, हाडं कच्ची राहतात.

आणि मी कशाच्या मागे लागले होते? पाणी, मीठ, पाळीचे दिवस यांनीसुद्धा वजन किलो-दीड किलो मागेपुढे होतं. ती काही चरबी नव्हे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना दिवसरात्र खाण्याचेच विचार! काहीजण तर पाककृती गोळा करत बसले. बंधन उठल्यावर पोट भरलं तरी भूक भागेना. आपल्या उपवासाच्या साबुदाणा वड्यांची आठवण होते की नाही?

काटा मी माळ्यावर टाकला. जेवण वेळेवर, सगळ्यांनी एकत्र, आणि ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. पहिला महिना फार जड गेला. हात आपोआप तुपाच्या भांड्याकडे जायचा, झाकण लावायला. पण चोरून खायचं कारणच उरलं नाही, तेव्हा यांचं रात्रीचं फरसाण आपसूक सुटलं. संध्याकाळी लेक आणि मी फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत जातो, पावलं न मोजता.

एक मात्र ध्यानात ठेवा. मधुमेह, रक्तदाब असेल तर तपासण्या आणि गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच. तिथे सैल सोडायचं नाही. आणि मुलगी जेवण टाळत असेल, पाळी थांबली असेल, तर रागावू नका, तिला डॉक्टरांकडे न्या.

माझं वजन आता किती? देव जाणे. मागच्या दिवाळीचे ब्लाउज होतात, आणि चाळीचे तीन जिने चढून आल्यावर सासूबाईंशी भांडण्याइतका दम उरतो.