खडूचा तुकडा आणि शर्यतीची मोटार

पनवेलहून रेल्वेने पेणला येताना आपटे मागे पडले की जिते लागते. या जिते-हमरापूर भागातून दर वर्षी गणपतीच्या मूर्ती टेंपोत बसून मुंबईकडे निघतात. रस्त्यात खड्डे असले तरी मूर्तीचा कान दुखावत नाही. त्याचे श्रेय पेंढ्याइतकेच टेंपोखालच्या पोलादी पाट्यांना द्यावे लागेल. चाक उचलले की पाटा वाकतो आणि धक्का बराचसा तिथेच जिरतो.

टेंपोचा पाटा जाड असला तरी कुणाची तक्रार नसते. शर्यतीच्या मोटारीत मात्र ग्रॅमग्रॅमचा हिशेब असतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः अशी मोटार बांधून स्पर्धेत उतरतात. अमेरिकेत ही प्रथा 1981 पासून आहे. पवईच्या आयआयटी मुंबईचे विद्यार्थी 2012 मध्ये आपली विजेवर चालणारी मोटार घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला गेले होते. अशा मोटारीत चालकाच्या जागी त्यांचाच वर्गमित्र बसतो. म्हणून प्रश्न असा, की चाक धरून ठेवणारी नळी किती बारीक केली तर चालेल?

या मोटारीचे प्रत्येक चाक वरखाली अशा दोन चिमट्यांनी धरलेले असते. उघड्या चिमट्याचे दोन पाय मोटारीच्या सांगाड्याला आणि टोक चाकाच्या उभ्या आधाराला, अशी त्यांची जोडणी. समजा, चालकासह मोटारीचे वस्तुमान 300 किलोग्रॅम आहे. उभी असताना प्रत्येक चाकावर सुमारे 750 न्यूटन भार येतो. जोरात ब्रेक दाबला की नाक खाली झुकते आणि पुढच्या एका चाकावरचा भार 1,170 न्यूटनपर्यंत चढतो. शर्यतीचे चांगले टायर भाराच्या दीडपट पकड देतात, म्हणजे रस्ता त्या चाकाला सुमारे 1,760 न्यूटन बलाने मागे ओढतो.

आता एक पट्टी उभी धरा. तिचे वरचे टोक एका बोटाने अडवा, मध्याच्या थोडे खाली दुसरे बोट पलीकडून टेकवा आणि मित्राला खालचे टोक त्या बोटाच्या दिशेने ढकलायला सांगा. मित्र जेवढे ढकलतो त्याहून जास्त जोर खालच्या बोटावर येतो! चाकाचेही तसेच होते. खालचा सांधा जमिनीपासून 15 आणि वरचा 35 सेंटिमीटरवर असेल, तर खालच्या चिमट्यावर 1,760 च्या पावणेदोनपट, म्हणजे 3,080 न्यूटन बल येते. चिमट्याचे पाय एकमेकांशी 60 अंशांचा कोन करत असतील, तर पुढच्या पायात तेवढाच ताण आणि मागच्यात तेवढाच दाब निर्माण होतो. हा मागचा पाय तुटला की चाक मागे दुमडते, आणि मग सुकाणूही चालकाच्या हाती राहत नाही.

बलाला छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की प्रतिबल मिळते. 16 मिलिमीटर व्यासाच्या, 1 मिलिमीटर जाडीच्या नळीचा छेद सुमारे 47 चौरस मिलिमीटर असतो, म्हणून प्रतिबल 65 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साधे पोलाद साधारण 250 ला कायमचे वाकू लागते. दाबाखालची काठी मध्येच बाकदार होऊन मोडते, म्हणून तोही हिशेब करावा लागतो. पण 35 सेंटिमीटरची ही नळी त्यातही उत्तीर्ण होते.

मग घात कुठे होतो? फळ्याजवळचा खडू उचला. तो दोन्ही टोकांना ओढून तोडून पाहा. आता वाकवा! नळीच्या टोकाशी 8 मिलिमीटरचा आटे पाडलेला दांडा असतो. आट्यांच्या तळाशी त्याचा व्यास जेमतेम साडेसहा मिलिमीटर उरतो. आपले 3,080 न्यूटन सरळ ओढीने आले, तर तिथले प्रतिबल सुमारे 93 होते. पण त्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी, अवघे 1,000 न्यूटन, आडवे आणि फक्त 1 सेंटिमीटर अंतरावर लागले, तर प्रतिबल 370 वर जाते. स्प्रिंगकडे जाणारा दांडा चिमट्याच्या पायावर मध्येच जोडला तर असे वाकवणारे बल हमखास येते. तो टोकाच्या सांध्याजवळ आणला की बरेचसे टळते. नळी जाड करून हा दोष जात नाही, हे नवशिक्यांना लवकर पटत नाही.

शिवाय आट्यांच्या खाचेत प्रतिबल गोळा होते. एका फेरीत काही घडत नाही, पण हजारो धक्क्यांनंतर खाचेतून बारीक तडा निघतो. तार वारंवार वाकवून आपण तोडतो, तसेच हे.

आज हे सारे संगणक करतो. भागाचे हजारो चिमुकले तुकडे पाडून तो प्रत्येकाचे प्रतिबल काढतो आणि रंगांत दाखवतो. तसे रंग तुम्हीही पाहू शकता. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा. पोलरॉइड गॉगलची काच पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. मग पडदा आणि काच यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक कोनमापक धरून हलकेच वाकवा. रंगांचे पट्टे उमटतील. ते कुठे दाटीवाटीने येतात ते पाहा, विशेषतः भोकाच्या कडेला.