साबणाच्या होड्या

डोकेदुखीच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि कॅफिन ही दोन्ही द्रव्ये असतात. वेष्टनावर छापलेले प्रमाण गोळीत खरोखरच आहे का, हे तपासायचे तर आधी ती वेगळी करायला हवीत. कशी करणार?

विद्युतभारित कणांसाठी एक युक्ती आहे. सिलिकाच्या नळीला केसाएवढे, म्हणजे ५० ते ७५ मायक्रॉन व्यासाचे छिद्र असते. ती क्षारांच्या द्रावणाने भरून तिच्या दोन टोकांमध्ये २० ते ३० हजार व्होल्टचा विद्युतदाब लावतात. ज्याचा भार व आकार वेगळा, त्याचा वेग वेगळा! याला केशनलिका विद्युत्-संचारण म्हणतात. नळीची आतली भिंत ऋणभारित असते. तिच्यालगतचे धन आयन ऋणाग्राकडे ओढले जातात आणि त्यांच्यामागोमाग सगळे द्रावणच वाहू लागते. पॅरासिटामॉल व कॅफिन यांच्या रेणूंवर उदासीन द्रावणात भार नसतो. त्यामुळे ते या प्रवाहाबरोबर वाहत जाऊन एकाच वेळी पोचतात.

यावर १९८४ साली जपानच्या क्योटो विद्यापीठातील शिगेरू तेराबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली. त्यांनी द्रावणात सोडियम डोडेसिल सल्फेट हा साबणासारखा पदार्थ मिसळला. त्याच्या रेणूला ऋणभारित डोके व तेलकट शेपूट असते. शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅमपर्यंत हे रेणू सुटे राहतात. त्याहून जास्त घातले, की साठेक रेणू शेपट्या आत व डोकी बाहेर करून एकत्र येतात. या पुंजक्याला मायसेल म्हणतात.

आता नदी डोळ्यांसमोर आणा. नावाडी प्रवाहाविरुद्ध वल्ही मारतो आहे; पण ओढ इतकी, की होडी खालीच चालली आहे. मात्र पाण्यापेक्षा हळू! मायसेलचे असेच होते. ऋणभारामुळे तो धनाग्राकडे जाऊ पाहतो, प्रवाह त्याला ऋणाग्राकडे नेतो. भाररहित रेणू कधी पाण्यात, तर कधी या होडीत असतात. होडीत अधिक वेळ रमणारा रेणू उशिरा पोचतो. अशा रीतीने आपली दोन द्रव्ये वेगवेगळ्या वेळी येतात. ती अतिनील किरण किती शोषतात, यावरून त्यांचे प्रमाण कळते.

साबण वाढवला की होड्या वाढतात, पण फार वाढवला तर विद्युतधारा वाढून नळी तापते. शिवाय, होडी सोडतच नाहीत असे अतितेलकट रेणू पुन्हा एकत्रच पोचतात. म्हणजे खरी किमया ना नुसत्या पाण्यात, ना नुसत्या होडीत. ती आहे दोहोंमधल्या ये-जा करण्यात.